कोळशात कोंडलेला वायू : स्वागताध्यक्षीय भाषण



 देश नागपूरला संत्र्यांमुळे ओळखतो, आम्ही खाणवाले कोळशामुळे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे आणि भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय इथे आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत खाण अभियांत्रिकी शिकवली जाते. कामठी, सावनेर, उमरेड, पुढे वणी, घुग्घुस, बल्लारपूर या साऱ्या पट्ट्यात जमिनीखाली कोळशाचे थर आहेत आणि त्यांवर हजारो घरांच्या चुली पेटतात.

मी उमेदवारीला एका भूमिगत खाणीत उतरलो, तेव्हा एका वयस्क मायनिंग सरदारांनी (भूमिगत पर्यवेक्षकांनी) मला दिलेला पहिला धडा आजही आठवतो. हातातला सेफ्टी लॅम्प छताजवळ नेत ते म्हणाले, “साहेब, आधी ज्योत पाहा, मग पाऊल टाका.” हवेत कोळशातून सुटलेला मिथेन वायू असला की त्या ज्योतीवर निळसर टोपी चढते. हवेतले मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. २८ मे १९६५ रोजी बोकारो कोळसा क्षेत्रातील धोरी खाणीत झालेल्या स्फोटात २६८ कामगार गेले. म्हणून आमची पिढी या वायूबाबत एकच गोष्ट शिकली : पंख्याने उडवा आणि आकाशात सोडा.

पण आकाशात सोडलेला मिथेन तिथेही स्वस्थ बसत नाही. वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता अडवतो. आणि हाच वायू नळीतून आणला तर घरातला स्वयंपाक करतो, बस चालवतो. भारताने १९९७ साली कोळसा थरातील मिथेनचे धोरण आखले. २००७ साली राणीगंज क्षेत्रातून व्यापारी उत्पादन सुरू झाले, पुढे मध्य प्रदेशातील सोहागपूरहूनही वायू येऊ लागला. तरीही थरांत आहे त्या मानाने हाती येतो तो फार थोडा.

असे का होते? कोळशातला वायू पोकळीत साठलेला नसतो. बहुतांश मिथेन कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून असतो. विहीर खोदून थरातले पाणी उपसले की दाब उतरतो, वायू भिंत सोडतो, छिद्रांतून झिरपत बारीक भेगांपर्यंत येतो आणि तिथून विहिरीकडे वाहतो. भेगा अरुंद असल्या किंवा पाण्याने तुंबल्या, की वाट बंद. पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक फोडणे हा आजचा रूढ उपाय. पण त्याला पाणी फार लागते, आणि त्यातले काही मागे राहून पुन्हा छिद्रे अडवते.

इथेच मायक्रोवेव्ह लहरींचा विचार पुढे येतो. कोरडा कोळसा या लहरी फारशा शोषत नाही. त्यातले पाणी आणि पायराइटसारखी खनिजे मात्र शोषतात. त्यामुळे उष्णता नेमक्या अडथळ्याच्या जागी निर्माण होते. पाण्याची वाफ होते, वाफेचा दाब आणि असमान प्रसरण यांनी भेगा रुंदावतात. शिवाय तापलेला कोळसा मिथेन कमी धरून ठेवतो. म्हणजे एकाच उपायाने पाणी हटते, वाट मोठी होते आणि वायूची पकड सुटते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नॉटिंगहॅम आणि पेनसिल्व्हेनिया येथील संशोधकांच्या कामात, दाबाखाली ठेवलेल्या कोळशातही अशा भेगा पडल्याचे दिसले. चीनमधील शुझोऊच्या खाण विद्यापीठातही यावर सातत्याने काम चालू आहे.

मात्र हे यश अजून बहुतांशी प्रयोगशाळेतल्या नमुन्यांचे आहे, हे मी इथे स्पष्टपणे सांगतो. ओल्या कोळशात लहर फार आत शिरत नाही. २.४५ गिगाहर्ट्झपेक्षा ९१५ मेगाहर्ट्झची लहर अधिक खोल जाते, पण थर असतो शेकडो मीटर खाली. तिथवर ऊर्जा न्यायची कशी? खर्ची पडलेल्या विजेपेक्षा मिळणारा वायू मोलाचा ठरेल का? एखादी जागा अतितापून कोळसाच पेटला तर? ज्याने ज्योतीवरची निळी टोपी पाहिली आहे, तो हा शेवटचा प्रश्न कधीच विसरणार नाही.

या प्रश्नांची उत्तरे एकट्या खाणवाल्याकडे नाहीत आणि एकट्या लहरवाल्याकडेही नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशाच लहरी भिंतीपार पाठवून बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. पवईला आयआयटीच्या आवारात ‘समीर’ ही संस्था १९८४पासून मायक्रोवेव्हवर काम करते. कोळसा विदर्भात, लहरी मुंबईत, आणि वायूची खरी श्रीमंती दामोदर खोऱ्यात. या तिघांना एका पंगतीला बसवावे, एवढ्याचसाठी आम्ही संमेलनाचा हा मांडव घातला आहे.

 

शेवटी माझी विनंती. येत्या दोन दिवसांत यशाबरोबर फसलेले प्रयोगही मांडा, आणि निघण्यापूर्वी एका खाणीतला एक थर संयुक्त प्रयोगासाठी निश्चित करा. मात्र त्या प्रयोगाचा आराखडा आखताना खाणीत उतरणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा. त्याच्या जिवाची हमी आधी, वायूचा हिशेब नंतर.