ताऱ्यांच्या गावातली नवी पिढी



गावात पाळणे हलताना दिसले, की तिथं तरुण जोडपी आहेत हे कळतं. नुसती म्हातारी माणसं दिसली, की गावाची कथा न विचारता समजते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव, तिचंही तसंच. निळे, फार तापलेले तारे लवकर जळून संपतात. ते दिसले, तर तिथं अलीकडेच तारे जन्मलेत. लाल-पिवळेच उरले, तर जन्म केव्हाच थांबलेत.

एम ८७ ही दीर्घिका सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्यातले बहुतेक तारे म्हातारे. मधोमध साडेसहाशे कोटी सूर्यांइतकं कृष्णविवर. २०१९ साली त्याचं चित्र जगानं पाहिलं. त्याच्याजवळून निघणारा झोत भोवतालचा वायू तापवतो. तारा जन्मायला तर वायू थंड होऊन एकत्र यावा लागतो. दीर्घिकांचे असे झोत आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडद परिसरातल्या ३० रेडिओ दुर्बिणीही टिपतात.

आमच्या गटात आम्ही यावरून एकच बोललो. मधलं माणूस कितीही मोठं असो, त्याच्या तापानं नव्या सुना-मुली जवळ येईनाशा झाल्या, तर हप्ते भरले जातील, पण गट म्हातारा होईल. तुमच्या गटातली सर्वांत लहान सभासद किती वर्षांची आहे? या बैठकीत जरूर बघा.