खून पचू द्यायचा नाही
(वनहक्क मेळाव्यात आम्हा तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण)



दाव्यांच्या सभेत हे पोरं पत्रकारांच्या खुनाचं काय घेऊन बसले, असं तुम्हाला वाटेल. ऐका.

रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला शशिकांत वारिशे पत्रकार होते. बारसूच्या रिफायनरीत लोकांच्या जमिनी जाणार, त्यावर ते लिहायचे. 6 फेब्रुवारी 2023 ला सकाळी रिफायनरीच्या एका समर्थकाविरुद्ध त्यांची बातमी आली. त्याच दुपारी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. गाडी त्याच माणसाने घातली, असा पोलिसांचा आरोप आहे. तरी खुनाचं कलम 302 लगेच लागलं नाही. पत्रकार रस्त्यावर उतरले तेव्हा लागलं.

बस्तर आपल्यासारखाच जंगलाचा मुलूख. तिथे मुकेश चंद्राकर यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार दाखवला. जानेवारी 2025 मध्ये त्यांचं प्रेत ठेकेदाराच्या आवारात सेप्टिक टाकीत सापडलं.

लांब कशाला? आपल्याच जिल्ह्यात पाचोऱ्याला ऑगस्ट 2023 मध्ये पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण केली.

युनेस्को सांगते, जगात पत्रकारांच्या 100 खुनांपैकी सुमारे 85 खुनांत न्याय झालेला नाही. मुंबईत जे. डे यांना 2011 मध्ये मारलं. शिक्षा 2018 मध्ये झाली. म्हणजे शिक्षा होऊ शकते, पण सात वर्षं गेली. खून पचला की दुसऱ्या गुंडाचीही भीड चेपते, आणि लिहिणाऱ्याचा हात आखडतो.

आपल्या वनदाव्यात म्हाताऱ्या माणसाचं लेखी म्हणणं पुरावा धरतात. का? त्याने पाहिलेलं असतं. वार्ताहरही तसाच साक्षीदार. आपलं उभं पीक उखडलं, नांगर-बैल नेले, तर सातपुड्यात चढून येऊन ते लिहिणार कोण? साक्षीदारच मेला तर दावा कोणाच्या तोंडाने बोलणार?

म्हणून आम्ही तीन गोष्टी मागतो. वार्ताहर पाड्यावर आला तर त्याला एकटं परत पाठवू नका, दोन पोरं फाट्यापर्यंत सोबत द्या. त्याला धमकी आली तर ग्रामसभेत ठराव लिहा, अंगठे-सह्या घ्या आणि सगळे मिळून ठाण्यात जा. मारहाण झाली तर 2017 चा पत्रकार संरक्षण कायदा लावा म्हणा. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

2 नोव्हेंबरला जगभर या खुनांना शिक्षा व्हावी म्हणून दिवस पाळतात. त्या दिवशी आपल्या ग्रामसभेत वारिशेंचं नाव घ्या. नाव घेतलं की खून पचत नाही.

जोहार! जिंदाबाद!