युद्धाचा भाव, कापसाचा भाव
(गारखेडा, छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव पडला की आपण गावच्या व्यापाऱ्याला शिव्या देतो. पण त्याच्या हातात भाव असतो तरी किती? भाव ठरवणारी माणसे आपण कधी पाहिलेलीही नसतात.

हे आजचे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालत. मग वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि पैसा मुंबईत ओतला गेला. बँका निघाल्या, समुद्र बुजवणारी बॅकबे कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. समुद्र अजून जागच्या जागी होता! कंपनी कमावते काय, हे कोणी विचारत नव्हते. उद्या दुसरा कोणी जास्त देईल, एवढ्याच भरवशावर खरेदी चालली होती. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. बातमी मुंबईत पोचली, कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर कोसळले. १ जुलैला वायदे पुरे करायचे होते. मोठमोठ्या पेढ्यांना ते जमले नाही. (त्या तेजीचे राजे प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीचा. मुंबईला गेलात तर पाहून या, आपल्या कापसाचा पैसा आहे त्यात.)

शेतकऱ्याला काय मिळाले? तेजीत ज्वारीच्या रानात कापूस गेला, धान्य महागले. सावकाराने तेजीच्या भरवशावर कर्ज दिले. सरकारने पुणे जिल्ह्यात सारा वाढवला. भाव उतरले, सारा उतरला नाही, व्याजही नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याला सावकारांची कर्जखते जाळली गेली, ती उगाच नव्हे.

आता २०२२ घ्या. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तेल भडकले, खते भडकली. कापूस आधीच चढत होता. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या वायद्यात पौंडाला दीड डॉलरवर गेला. आपल्याकडे क्विंटलला दहा-बारा हजार झाले. पण तोवर बहुतेकांच्या घरात कापूस होता कुठे? इकडे महागाई रोखायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याज चढवत नेले. व्याज चढले की उसन्या पैशावर खेळणारा सटोडिया आधी पळतो. ऑक्टोबर संपेपर्यंत तोच वायदा निम्म्यावर आला. पुढच्या हंगामात बारा हजारांच्या आशेने आपण घरात गंजी लावल्या आणि शेवटी सात-आठ हजारांनी विकल्या.

बाजार चढतो-पडतो, त्याची तक्रार नाही. तक्रार सरकारची आहे. १४ एप्रिल २०२२ रोजी, भाव चढलेला असतानाच, कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर लादला, तेव्हा गिरण्यांना दिलासा म्हणून पुन्हा शुल्क माफ, तेही नवा कापूस येण्याच्या तोंडावर, ३१ डिसेंबरपर्यंत. आणि हरभरा, सोयाबीन, मूग यांचे वायदे २० डिसेंबर २०२१ रोजी बंद केले, मग बंदीची मुदत वाढवत नेली. पुढचा भाव कळण्याची एकच खिडकी होती, तीही बुजवली.

म्हणून तालुक्याच्या बैठकांत दोन ठराव घ्या: हंगामात आयातशुल्काला हात लावू नये, आणि वायदेबंदी कायमची उठवावी. तोवर कापूस एकदम विकू नका आणि सगळा धरूनही ठेवू नका. बी-बियाण्याचे, मजुरीचे देणे फिटेल एवढा आधी मोडा, बाकीचा तीन-चार खेपांत. ज्वारी मात्र घरच्यापुरती आणि कडब्यापुरती पेराच.