खाल्ल्या मिठाला जागणारं पाणी



आमच्या नायगावच्या बाजूला माझ्या पिढीची मुलं पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि थोरल्यानं वरून ढकलून द्यायचं. थंडीत पहाटे विहिरीवर वाफ दिसायची. हवा बोचरी आणि पाणी मात्र कोमट. त्या पाण्याची निगा कुणी राखत नसे. मोटेनं, पुढे इंजिनानं उपसा व्हायचा आणि झरे विहीर पुन्हा भरायचे.

आता शेतघरांत, कृषी पर्यटनाच्या ठिकाणी पोहण्याचे छोटे तलाव झाले आहेत. माझ्या भाच्यानंही एक बांधला आहे, तोही मिठाच्या पाण्याचा. तो नोकरीला पुण्यात, म्हणून दिवाळीनंतर होळीपर्यंत त्याची देखरेख माझ्याकडे असते. मी कवितेचा माणूस. पण या तलावानं मला बरंच शिकवलं. पहिली गोष्ट ही, की याला झरा नाही. तेव्हा झऱ्याचं काम माणसानंच करायचं.

मिठाचं पाणी म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या तलावात साधारण साडेतीन ग्रॅम मीठ, म्हणजे दहावा हिस्सा. जिभेला जेमतेम खारट लागेल इतकंच. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरहून थोडा कमी खोल असा तलाव धरला, तर पाणी होतं ६० हजार लिटर आणि मीठ लागतं दोन क्विंटलच्या थोडं वर. पंपाच्या वाटेवर टायटॅनियमच्या पट्ट्यांचा एक सेल बसवलेला असतो. त्यातून वीज गेली की मिठापासून क्लोरीन तयार होतो. तो जंतू मारतो, शेवाळ रोखतो आणि काम संपलं की बहुतांशी पुन्हा मीठच होतो. मीठ वाफेबरोबर उडत नाही, वापरून संपत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं आपण माणसांकडून मागतो. इथं मीठच पाण्याला जागतं.

थंडी आली की पोहणारे येईनासे होतात, आणि घरोघरी एकच सल्ला निघतो : ‘रिकामा करून टाका.’ थंड देशांत पाणी गोठतं, नळ फुटतात, म्हणून तिकडं नळ कोरडे करून तलाव बंद करतात. आपल्याकडं पाणी गोठत नाही. उलट रिकाम्या हौदाला आपली काळी माती खाते. ती ओलीनं फुगते, वाळली की भेगाळते. आतून पाण्याचा दाब नसेल तर फरशी आणि भिंत तडकायची भीती. म्हणून तलाव भरलेलाच ठेवायचा.

भरलेला ठेवायचा म्हणजे विसरायचा नाही. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. थंडीत शेवाळ मंद वाढतं, ऊन कमी, माणसं नाहीत. म्हणून क्लोरीनही कमी लागतो. उन्हाळ्यात आठ तास चालणारा पंप मी चार तासांवर आणतो. रोज पानं काढायची. आठवड्याला क्लोरीन आणि सामू तपासायचा. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. मिठाच्या तलावात तो आपोआप वर चढत राहतो. वर चढला की आपल्या बोअरच्या जड पाण्यातला चुना सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, चहाच्या पातेल्यात धरतो तसाच.

आता हिवाळ्यातला खरा फसवा प्रकार सांगतो. यंत्र मीठ मोजतं ते पाण्यातून वीज किती सहज जाते यावरून. पाणी गार झालं की वीज कमी जाते, आणि काही यंत्रं ‘मीठ कमी’ असा दिवा लावतात. मीठ मात्र तेवढंच असतं. पंधरा अंशांच्या आसपास पाणी उतरलं तर बरेच सेल कामच थांबवतात. घरातला माणूस दिवा पाहतो आणि पोतं रिकामं करतो. दिवा लागला तर आधी वेगळ्या पट्टीनं मीठ तपासा, सेलवर थर आहे का बघा. भाजीत मीठ कमी पडलं तर घालता येतं. जास्त झालं तर काढता येत नाही. तलावाचंही तसंच. मीठ कमी करायला एकच उपाय : पाणी फेकायचं आणि नवं भरायचं.

लोणारचं सरोवर आठवा. तिथून पाणी बाहेर वाहून जात नाही, फक्त वाफ होऊन उडतं आणि क्षार मागं राहतात. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. आपला तलाव हे धाकटं लोणारच. वाफ उडते, मीठ राहतं. म्हणून थंडीतही त्यावर आच्छादन घालावं. जेवढं पाणी उडणार नाही तेवढं बोअरचं जड पाणी नव्यानं घालावं लागणार नाही.

आणि फेकलेलं पाणी जाणार कुठं? बांधापलीकडच्या रानात. मिठातला सोडियम काळ्या जमिनीत मुरला की माती घट्ट होते, पाणी जिरत नाही. शेतकरी तिला चोपण म्हणतो. आपल्या हौसेपायी शेजाऱ्याचं रान चोपण करायचा आपल्याला काय अधिकार?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. भाच्याचा तलाव म्हणजे त्यातल्या एका वाघिणीपेक्षा जास्त पाणी. अशा मुलखात तलाव बांधावा का, यावर आमच्या घरात अजून वाद आहे, आणि तो असावाही. पण एकदा भरलेलं पाणी हे उसनं आणलेलं पाणी आहे. वर्षानुवर्षं तेच पाणी नितळ राखणं, एवढी तरी परतफेड आपण करू शकतो. त्यासाठी थंडीतले हे चार महिने, रोजची पंधरा मिनिटं पुरतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)