मीडिया शिकायचाय? मग आधी वॉर्ड शिका

(उपनगरांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत तीनच रस्ते दिसतात: फार्मसी, बी.कॉम. किंवा घरचं दुकान. अशात मुलीने ‘मला पत्रकारिता शिकायची आहे’ म्हटलं, की दोन प्रश्न येतात. पहिला, यात नोकरी आहे का? दुसरा दबक्या आवाजात, तिथे आपल्या लोकांना घेतात का? माझ्या अब्बांनीही हेच विचारलं होतं. मी जोगेश्वरीत वाढले, पार्ल्याला मराठी माध्यमातून मास मीडिया शिकले आणि बातमीच्या धंद्यात आले. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं आडपडदा न ठेवता देते.

नोकरी आहे. सुरुवातीचा पगार कमी असतो, रात्रपाळी असते. हे घरी आधीच सांगा. पण हा अभ्यास फक्त वर्तमानपत्रापुरता नाही. मुंबई विद्यापीठाचा जो कोर्स पूर्वी बीएमएम होता आणि २०१९ पासून बीएएमएमसी झाला, त्यात जाहिरात, जनसंपर्क, चित्रपट, माध्यमांचे कायदे असं बरंच काही येतं आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता हे निवडायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे रचना बदलते आहे, ती प्रवेशाआधी विचारून घ्या. हा कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहे, म्हणून फी साध्या बी.ए.पेक्षा जास्त. तीही आधीच विचारा. कॉलेजं मात्र लांब नाहीत. पार्ल्याचं साठ्ये, घाटकोपरचं झुनझुनवाला, मुलुंडचं वझे-केळकर, सगळी लोकलच्या पासात बसणारी. साठ्येत तर मराठी माध्यमही आहे.

आता दुसरा प्रश्न. घेतात. पण घेतल्यावर काम कोणतं देतात, ते बघायला हवं. माझ्या पहिल्या नोकरीत ईद, तलाक, बुरखा अशी बातमी आली की सगळे माझ्याकडे बघायचे. पाणीकपात, रस्ते, पालिकेचं बजेट दुसऱ्यांकडे. कुणी वाईट वागत नव्हतं, त्यांना वाटायचं हिला हेच जमेल. सहा महिन्यांनी मी संपादकांना म्हटलं, मला के-पूर्व वॉर्ड द्या. मिळाला. वॉर्ड ऑफिसातला इंजिनिअर मला तलाकवर मत विचारत नाही. तो माझ्या हातातला कागद बघतो, आणि कागद पक्का असेल तर त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आपल्यावर होणाऱ्या चुकीच्या बातम्यांबद्दल आपण खूप बोलतो. बोलायलाच हवं. १४ एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचं त्या दिवशी जाहीर झालं आणि दुपारी वांद्रे पश्चिम स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी झाली. समोर जामा मशीद आहे. झालं, ‘मशिदीजवळच गर्दी का?’ असा प्रश्न काही वाहिन्यांवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरू लागला. मशीद स्थानकाला लागून आहे आणि माणसं गाडीसाठी आली आहेत, हे वांद्र्यात रोज उतरणाऱ्या कुणीही एका वाक्यात सांगितलं असतं. ते वाक्य वेळेवर बातमीत जावं, म्हणून तिथे परिसर माहीत असलेला बातमीदार लागतो.

त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी कार्यक्रमाला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी केलेल्या प्रचारावर कडक शब्दांत बोट ठेवलं. एप्रिलचे मथळे तुम्हाला पाठ आहेत. ऑगस्टचा निकाल इथे किती जणांनी वाचलाय? पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने तो पूर्ण वाचायला हवा. रागाला पुराव्याची जोड तिथे मिळते.

पण मीडियात फक्त कौमची बाजू मांडायला जाऊ नका. दुसरं उदाहरण घाटकोपरचं घेते. १३ मे २०२४ ला छेडानगरच्या पेट्रोलपंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, फलक १२० बाय १२० फूट. गुणाकार करा, क्षेत्रफळ नऊपट होतं. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून परवानगी कोणाची, असा तो घोळ. हा प्रश्न घराघरांत पोचला तो माणसं गेल्यावर. तुमच्यातले निम्मे जण जाहिरात निवडतील, निम्मे पत्रकारिता. फलक कसा विकायचा ते एका वर्गात शिकाल, तो कुणाच्या परवानगीने उभा आहे हे विचारायला दुसऱ्या वर्गात. मला वाटतं, दोन्ही वर्गांनी दोन्ही शिकावं.

आणखी एक परीक्षा घरातच होते. खोटी बातमी आपल्या बाजूची असली तरी ती खोटीच. लसीबद्दलचा ऑडिओ असो की कुठल्यातरी परदेशी व्हिडिओला मुंबईचं नाव देऊन केलेला फॉरवर्ड, फॅमिली ग्रुपमध्ये ‘मामू, हे खरं नाही’ असं लिहिता आलं पाहिजे. मामू दोन दिवस बोलणार नाहीत. चालेल. तिथे गप्प बसलात, तर उद्या वाहिनीला जाब कोणत्या तोंडाने विचाराल?

आपल्याकडे एक भांडवल आहे, त्याची आपल्यालाच किंमत नाही. घरात उर्दू किंवा कोकणी, शाळेत मराठी, रस्त्यावर मुंबईची हिंदी, कॉलेजात इंग्रजी. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. आपल्या लोकलमध्ये वाचला गेलेला ‘मिड-डे’ १९७९ मध्ये काढला खालिद अन्सारींनी, उर्दू ‘इन्किलाब’ चालवणाऱ्या घराण्याने. म्हणजे या शहराच्या बातमीत आपण पाहुणे नाही.

आता काम सांगते. पहिल्या वर्षापासून एक वॉर्ड निवडा. अंधेरी पश्चिमेला राहत असाल तर के-पश्चिम, घाटकोपरला एन, मुलुंडला टी, बोरिवलीला आर-मध्य. देवनागरी टायपिंग पक्कं करा. रोज दोन वर्तमानपत्रं वाचा, त्यातलं एक तुम्हाला न पटणारं. माहिती अधिकाराचा एक अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्या गल्लीतल्या शाळेचं, दवाखान्याचं, नाल्याचं काहीही विचारा. उत्तर आलं की पाचशे शब्द लिहा. उत्तर आलं नाही, तर त्यावरही पाचशे शब्द होतात, आणि पहिलं अपीलही.

तिसऱ्या वर्षी मुलाखतीला जाल तेव्हा असे दहा कागद हातात असू द्या. तुमचं आडनाव वाचून कुणी थबकलंच, तर शांतपणे पहिला कागद पुढे करा.