मेमरी कार्डाचा बिघाड आणि फॉरमॅटची घाई



आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती करंगळीच्या नखाएवढी असते, आणि तरीही मुलाच्या बारशापासून वडिलांच्या रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजापर्यंत एखाद्या कुटुंबाचा कितीतरी ऐवज तिच्या ठायी जमा झालेला असतो. म्हणूनच ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा’ ही फोनच्या पडद्यावरची सूचना हुकूम समजून तत्काळ अमलात आणणाऱ्याला क्षणभर थांबवावे, एवढ्याचसाठी मी येथे उभा आहे.

ती सूचना केवळ इतकेच सांगते की, कार्डावरील नोंदी फोनला वाचता आल्या नाहीत; मजकूर नष्ट झाला, असा तिचा अर्थ नव्हे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून १९८७ साली नँड फ्लॅश स्मृती जगापुढे आली. तीत सूक्ष्म कोशांमध्ये कोंडलेल्या विद्युत्कणांच्या रूपाने मजकूर वीज नसतानाही टिकतो, परंतु कोणते छायाचित्र कोठे आहे हे सांगणारी नोंदवही त्याच कार्डावर वेगळी असते. तलाठ्याचे दप्तर जळाले म्हणून गावची शेते नाहीशी होत नाहीत, तसेच हे आहे. फोन कार्डावर लिहीत असतानाच ते ओढून काढले किंवा बॅटरीने ऐनवेळी दगा दिला, तर बहुधा ही नोंदवहीच अर्धवट राहते. यासाठीच कार्ड काढण्यापूर्वी सेटिंग्जमधून ते इजेक्ट करण्याची तजवीज ठेवलेली आहे.

तेव्हा प्रथम फोन बंद करावा, कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात आणि ते पुन्हा नीट बसवावे. तरीही तक्रार राहिली तर कार्ड रीडरमधून संगणकास जोडावे, आणि फाइली दिसल्या तर दुसरे काहीही करण्याआधी त्यांची नक्कल उतरून घ्यावी. न दिसल्या तर फोटोरेकसारखा विनामूल्य प्रोग्राम नोंदवहीला बाजूला ठेवून थेट मजकूर चाळतो, आणि प्रत्येक छायाचित्राच्या आरंभी असलेली ठरावीक खूण ओळखून ते बाहेर काढतो. नावे जातात, पण चित्रे पुष्कळदा मिळतात. मिळालेला ऐवज मात्र संगणकाच्या डिस्कवरच ठेवावा, त्याच कार्डावर कदापि नव्हे.

येथे एक अपवाद आवर्जून सांगितला पाहिजे. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, काही फोनांत कार्ड अंतर्गत साठा म्हणून जोडता येते. तसे जोडलेले कार्ड सांकेतिक लिपीत लिहिले जाते आणि त्याची किल्ली त्या एकाच फोनजवळ असते. असे कार्ड अन्यत्र घातले तर ते निकामी भासेल, आणि घाबरून मूळ फोन फॅक्टरी रीसेट केला तर मजकुरावरचा ताबा कायमचा सुटेल.

नक्कल हाती आल्यावर फॉरमॅट खुशाल मारावे, आणि ते शक्यतो ज्या फोनात कार्ड वापरायचे त्यातच. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना फॅट३२ आणि त्याहून मोठ्यांना एक्सफॅट ही नोंदवही मांडण्याची पद्धत ठरलेली आहे. एक्सफॅट न जाणणारा जुना फोन ६४ जीबीचे चांगले कार्डही नाकारतो, तर फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

फॉरमॅट ‘पूर्ण’ झाले आणि तरीही जुनी छायाचित्रे जशीच्या तशी दिसू लागली, तर कार्ड संगणकास जोडताना वापरलेल्या अडॅप्टरच्या कडेचे लॉक सरकलेले नाही याची खातरजमा करावी. लॉक सरकलेले नसेल, तर कोश झिजल्यामुळे कार्डाने नवे लेखन नाकारले आहे असे समजावे. बाजारात बनावट कार्डेही मिळतात, ज्यांतील स्मृतीचा कारभार पाहणारा नियंत्रक प्रत्यक्षापेक्षा कितीतरी अधिक क्षमता सांगतो आणि खरी जागा संपल्यावर पुढचे सारे गमावतो. नवे कार्ड एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहिले म्हणजे ही लबाडी उघडी पडते.

आणि संगणकाने ज्या कार्डाची दखलही घेतली नाही, परंतु ज्यातील ऐवज अनमोल आहे, ते दुकानदाराच्या हाती फॉरमॅटसाठी देऊ नये. या कार्डात नियंत्रक आणि स्मृती एकाच घट्ट लेपात बंदिस्त असतात. माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेतील कारागीर तो लेप सूक्ष्मदर्शकाखाली हलकेच खरवडून आतील बिंदूंना केसासारख्या तारा जोडतो, आणि नियंत्रकाला वगळून सरळ स्मृतीतून मजकूर वाचून घेतो. काम खर्चाचे आहे आणि यशाची हमी कोणी देत नाही, तरी मजकूर कोशांत शाबूत असेल तोवर ही वाट मोकळी राहते.