कोयत्यामागोमाग संस्थांनीही चालावे



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गरजू कुटुंबांसाठी संस्थांनी एकत्र यावे, याला आपल्यापैकी कोणाचाच विरोध नाही. पण ठराव मंजूर होतात, आपण आपापल्या जिल्ह्यात परततो आणि एकत्र येणे तिथेच राहते. म्हणून मी सरसकट न बोलता फक्त ऊसतोड कुटुंबांविषयी बोलणार आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डीपासून धारूर-वडवणीपर्यंतची गावे रिकामी होऊ लागतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हा कोयता सांगली-कोल्हापूरला जातो, कर्नाटकात जातो आणि पाच-सहा महिन्यांनी परततो. आपल्या संस्था मात्र जागच्या हलत नाहीत. गावाकडच्या संस्थेचे काम गावच्या वेशीपाशी संपते, कारखान्याकडच्या संस्थेचे मजुरांच्या तळावर सुरू होते. मधल्या रस्त्यावर त्या कुटुंबाची सगळी माहिती गळून पडते.

गेल्या हंगामात एका तळावर सात महिन्यांची गरोदर बाई भेटली. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावी पेटीत राहिले होते. त्याच तळावर एका संस्थेने ब्लँकेटे वाटली होती, दुसरीने मुलांची गणती केली होती, तिसरीच्या आरोग्य शिबिराचा फलक अजून एका कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या, कुडाला टांगलेला होता. धनुर्वाताची सुई झाली का, रक्त किती आहे, हे मात्र तिघींपैकी एकीलाही सांगता येईना. गावाकडे हीच बाई एका संस्थेच्या यादीत होती आणि तिथल्या आशाताईंना तिचा सगळा इतिहास तोंडपाठ होता. एका फोनचे काम, पण तो नंबर तळावर कोणाकडेच नव्हता.

शिबिराला ती का गेली नाही, असे विचारले. शिबीर सकाळी अकराला होते. त्या वेळी ती फडात मोळ्या बांधत होती. काम सोडले तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात आणि उचल फिटायची राहून जाते. गावाकडच्या कार्यकर्तीला हे विचारावेसुद्धा लागले नसते. तिने शिबीर गाडी भरून झाल्यावर, संध्याकाळी लावायला सांगितले असते.

रेशनचे घ्या. ‘एक देश एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत एकाच कार्डावरचे काही धान्य कारखान्याजवळच्या दुकानातून उचलता येते आणि उरलेले गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना घेता येते. पण त्यासाठी गावात आधारजोडणी तपासणारे आणि तळावर दुकानदाराशी बोलणारे, अशी दोन्हीकडे माणसे लागतात. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, हंगामही जवळजवळ तेवढाच. औषध सुरू झाले आणि कुटुंब निघून गेले, तर कोर्स तुटायला किती वेळ लागतो? हंगामी वसतिगृहात आजी-आजोबांजवळ राहिलेले मूल महिन्याभरात आई-बापाकडे पळाले, तर त्याची वाट बघणारा शिक्षक त्या टोकाला कोणी असतो का?

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर या बायकांचे म्हणणे मांडताना महिला किसान अधिकार मंचासारख्या व्यासपीठावर अनेक संघटना एकत्र आल्या. म्हणजे मागणी मांडायला आपण एकत्र येऊ शकतो. रोजच्या कामात का येत नाही?

मला याचे कारण निधीत दिसते. प्रकल्प जिल्ह्यापुरता मंजूर होतो, अहवालात लाभार्थी मोजले जातात, आणि एकच बाई दोन संस्थांनी मोजली तर कोणाची, असा वाद होतो. इथे देणगीदार संस्थांचे प्रतिनिधी बसले आहेत. त्यांना कळकळीने सांगते: दुसऱ्या संस्थेच्या हाती कुटुंब नीट सोपवणे हे काम आहे. त्याला माणूस लागतो, फोन लागतो, प्रवासखर्च लागतो. अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना ठेवा.

एक इशाराही देते. आपण याद्या एकमेकांना देऊ, तेव्हा त्या मुकादमाच्या हाती पडता कामा नयेत. कोणत्या बाईने तक्रार केली, कोणाला कोणता आजार आहे, हे त्या बाईच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. विश्वास एकदा गेला, तर पुढच्या हंगामात कोपीचे दार आपल्याला उघडणार नाही.

जेवणानंतरच्या सत्रात बैठका जिल्हावार ठेवल्या आहेत. अध्यक्ष म्हणून त्यात बदल सुचवते: कारखानावार बसा. ज्या कारखान्याला तुमच्या गावची टोळी जाते, तिथल्या संस्थेच्या माणसाशेजारी खुर्ची घ्या. टोळी कधी निघते, किती गरोदर बाया आहेत, कोणाची औषधे चालू आहेत, हे कोण कोणाला कळवणार, ते नावानिशी लिहून घ्या. तो कागद संध्याकाळी माझ्याकडे द्या. दसऱ्याच्या आधी मी प्रत्येकाला फोन करणार आहे.